राजा, रेक्स आणि रियासत

काही महिन्यांपूर्वी छत्रपती संभाजीनगरमध्ये एका स्नेह्यांच्या घरी बैठक होती. चहापानानंतर महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाने 'आपल्या भाषेचा जागतिक वारसा' या विषयावर पाच-सात मिनिटे सुरेख मांडणी केली. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. त्याने तीन उदाहरणे दिली. लॅटिन भाषेत राजाला 'रेक्स' म्हणतात, तो आपल्या संस्कृत 'राजा'तून निघाला. 'रियासत' हा शब्द 'राज्या'पासून झाला. आणि 'आयर्लंड' म्हणजे दुसरेतिसरे काही नसून 'आर्यलंड', आर्यांची भूमी! उपस्थितांनी माना डोलावल्या, कौतुक केले. पुढच्या महिन्यात एका वक्तृत्व स्पर्धेत तो हीच मांडणी करणार असल्याचे कळले.

या तीन उदाहरणांपैकी एक अर्धे खरे आहे आणि दोन पूर्णपणे चुकीची आहेत. मला ते ठाऊक होते, तरी मी गप्प राहिलो. मुलाचा उत्साह मोडू नये, असा सोयीस्कर विचार मनात आला. पण घरी परतताना वाटले, उद्या स्पर्धेत एखाद्या जाणकार परीक्षकाने त्याला थांबवले तर हसे कोणाचे होईल? त्याचे तर होईलच. पण त्याहून अधिक ज्या भाषेच्या प्रेमापोटी तो बोलत होता, त्या भाषेचे होईल. त्या दिवशीच्या मौनाची भरपाई म्हणून हा लेख.

देवगिरीच्या पायथ्याशी

प्रथम अर्ध्या खऱ्या उदाहरणाकडे वळू आणि सुरुवात आपल्या घरापासून करू. संभाजीनगरहून पैठण फार दूर नाही. पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. सातवाहन राजांच्या नाण्यांवर नावाआधी 'रञो' असे प्राकृत रूप आढळते. संस्कृतात ते 'राज्ञः', म्हणजे 'राजाचे'. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या भूमीत 'राजा' हा शब्द लोकांच्या भाषेत कसा उच्चारला जात होता, याची ही धातूवर कोरलेली साक्ष आहे.

पुढे शहराच्या दुसऱ्या अंगाला देवगिरीवर यादवांचे राज्य आले. १२७१ ते १३११ या काळात राज्य करणारा रामचंद्र यादव लोकांच्या तोंडी 'रामदेवराव' झाला. 'राजा'मधला 'ज' गळून प्राकृतात 'राय' झाले आणि त्याच शब्दाचे मराठीत 'राव' झाले. आज गावोगावच्या माधवराव-गणपतरावांच्या नावामागे लागलेला हा 'राव' म्हणजे त्या प्राचीन राजाचीच झिजलेली, पण जिवंत मुद्रा आहे. 'राज्ञी'ची 'राणी' झाली. 'राजपुत्रा'चा 'राउत्त' आणि मग 'राऊत' झाला. गंमत अशी की, शब्दाने रूपाबरोबर दर्जाही बदलला. जुन्या मराठीतला राऊत हा राजपुत्र राहिला नाही, तो घोडेस्वार शिपाई झाला. 'राजकुल' म्हणजे राजाचे घर. त्याचे 'राउल' आणि 'राऊळ' झाले, आणि राजवाड्याचा तो शब्द देवाच्या घराला लाभला. महानुभाव पंथीय ज्यांना ईश्वरावतार मानतात ते रिद्धपूरचे श्रीगोविंदप्रभू 'गुंडम राऊळ' या नावाने ओळखले जातात, हे वाचकांना ठाऊक असेलच.

आता येथे जरा थांबून पाहू. 'राजकुल'चे 'राऊळ' झाले, हे केवळ ऐकायला बरे वाटते म्हणून आपण मानतो काय? नाही. 'देवकुल'चे 'देऊळ' अगदी त्याच वाटेने झाले. 'कुंभकार'चा कुंभार, 'लोहकार'चा लोहार, 'सुवर्णकार'चा सोनार, 'चर्मकार'चा चांभार. प्रत्येक ठिकाणी दोन स्वरांच्या मधला 'क' गळाला आहे. हा अपघात नाही, हा नियम आहे. आणि तो कोणा युरोपीय पंडिताने आपल्याला शिकवलेला नाही. वररुचीच्या 'प्राकृतप्रकाश' या ग्रंथात तो स्पष्ट सांगितला आहे. स्वरांच्या मध्ये आलेल्या क, ग, च, ज, त, द, प, य, व या व्यंजनांचा बहुधा लोप होतो, असे हा वैयाकरण सांगतो. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचे नियम अधिक विस्ताराने बांधले. शब्दाचे कूळ सांगायचे तर सादृश्य पुरेसे नाही, ध्वनिबदलाचा नियम दाखवला पाहिजे, ही शिस्त आपल्याच परंपरेत जन्मली आहे.

तारांकित शब्द

आता हाच शब्द सातासमुद्रापलीकडे पाहू. युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड, वेल्स, ब्रिटनी या प्रदेशांत आज ज्या भाषा तग धरून आहेत, त्यांना केल्टिक भाषा म्हणतात. एके काळी या कुळातील भाषा फ्रान्सपासून थेट आजच्या तुर्कस्तानातील अंकाराच्या परिसरापर्यंत बोलल्या जात. या सर्वांची मूळ भाषा कोणी लिहून ठेवलेली नाही. परंतु तिच्या लेकी-नाती शेजारी ठेवून विद्वानांनी तिचे शब्द पुन्हा उभे केले आहेत. असा शब्द लिहिताना त्याच्या आधी तारा काढण्याचा प्रघात आहे. 'हा शब्द आम्ही कोठे लिहिलेला पाहिला नाही, नियमांनी काढला आहे' अशी ती प्रामाणिक कबुली असते.

अशा शब्दांपैकी एक आहे *रीक्स, अर्थ राजा. त्याची संतती मोठी आहे. आयरिश भाषेत राजाला 'री' म्हणतात. आयर्लंडमध्ये लहान लहान जमातींचे अनेक 'री' असत आणि त्या सर्वांवर अधिसत्ता सांगणारा तो 'आर्ड री', आपल्या 'महाराजा'सारखा. प्राचीन गॉल लोकांच्या सरदारांची नावे पाहा : ऑर्गेटोरिक्स, डुम्नोरिक्स, ॲम्बिओरिक्स. ज्याने ज्यूलियस सीझरशी अखेरपर्यंत झुंज दिली आणि इसवी सनापूर्वी ५२ मध्ये ॲलेशियाच्या वेढ्यानंतर ज्याला शरण जावे लागले, तो गॉलचा नेता व्हर्सिंजेटोरिक्स. या सर्व नावांच्या शेवटी बसलेला 'रिक्स' म्हणजेच राजा. १९५९ पासून प्रसिद्ध होत आलेल्या 'ॲस्टेरिक्स' या चित्रकथांतील नावांची शेपटी याच गॉल नावांच्या नकलेतून आली आहे. फ्रान्समधील बूर्ज या शहराचे नाव 'बिटुरीगेस' या जमातीवरून पडले आणि त्यातला 'रीगेस' म्हणजे 'राजे'.

राणीचेही तसेच. जुन्या आयरिशमध्ये राणी म्हणजे 'रीगन', लॅटिनमध्ये 'रेगिना', आपल्याकडे 'राज्ञी'. वेल्श भाषेत हाच शब्द 'ऱ्हियाइन' झाला आणि त्याचा अर्थ उतरत उतरत 'राणी'ऐवजी नुसती 'तरुणी' असा झाला. आपला राऊत राजपुत्राचा शिपाई झाला, तशी तिकडची राणी साधी मुलगी झाली. शब्दांनाही दशा येतात, त्या अशा.

नियमाची साक्ष

लॅटिन 'रेक्स', केल्टिक 'री', संस्कृत 'राज्'. एकात ए, दुसऱ्यात ई, तिसऱ्यात आ. मग यांना सख्खे कसे म्हणावे? याचे उत्तर दुसरा एक शब्द देतो. महिन्याला लॅटिनमध्ये 'मेन्सिस', जुन्या आयरिशमध्ये 'मी', वेल्शमध्ये 'मिस' आणि संस्कृतात 'मास' म्हणतात. पुन्हा तेच : ए, ई, आ. दोन वेगवेगळ्या शब्दांत तीन भाषांनी तीच तीन वळणे घेतली. 'देऊळ' आणि 'राऊळ' यांची जशी जोडी, तशीच ही जोडी. मूळ शब्दातला दीर्घ 'ए' लॅटिनने राखला, केल्टिकने त्याचा 'ई' केला आणि संस्कृताने 'आ'.

हा नियम हाती असला की इतिहासही बोलू लागतो. जर्मन भाषेत राज्याला 'राइख' म्हणतात. इंग्रजीतला 'रिच' म्हणजे श्रीमंत, आणि रिचर्ड, फ्रेडरिक, हेन्री ही नावे याच गोतावळ्यातली. पण जर्मनिक भाषांमध्ये जुना दीर्घ 'ए' कधी 'ई' होत नाही. महिन्याच्याच मुळापासून झालेला प्राचीन गॉथिक भाषेतला चंद्राचा शब्द 'मेना' असा 'ए' राखून आहे. मग त्याच गॉथिक भाषेत राजाला 'रीक्स' का? कारण तो जर्मनिक लोकांचा घरचा शब्द नव्हे. तो त्यांनी शेजारच्या केल्ट लोकांकडून घेतला. लिखित इतिहास सुरू होण्यापूर्वी कोणी कोणाकडून राज्यकारभाराची भाषा उचलली, हे एका स्वराने उघड केले.

याच कसोटीवर तरुण मित्राचे पहिले उदाहरण अर्धेच खरे ठरते. रेक्स आणि राजा यांचे नाते निश्चित आहे, परंतु ते आई-मुलाचे नाही, भावंडांचे आहे. कारण साधे आहे. संस्कृत 'मातृ'ला लॅटिनमध्ये 'मातेर', 'दाना'ला 'दोनुम' आणि 'राज्'ला 'रेक्स' आहे. संस्कृतात तिन्ही ठिकाणी एकच 'आ' आहे, तर लॅटिनमध्ये आ, ओ आणि ए असे तीन वेगळे स्वर. संस्कृत ही आई असती तर लॅटिनने कोठे 'आ', कोठे 'ओ' आणि कोठे 'ए' करायचा हे कशावरून ठरवले असते? तीन प्रवाह मिळून एक नदी होते हे समजू शकते. एका पाण्याने आपोआप तीन वाटा निवडल्या, हे मात्र नियमाने सांगता येत नाही.

दिसते तसे नसते

आता दुसरे उदाहरण. 'रियासत' हा 'राज्या'चा वंशज नव्हे. तो अरबी शब्द आहे. त्याच्या मुळाशी 'रअस' म्हणजे मस्तक हा शब्द आहे. मस्तकस्थानी असणारा तो 'रईस' आणि त्याचा अधिकार ती 'रियासत'. गोविंद सखाराम सरदेसाईंनी आपल्या इतिहासाला 'मराठी रियासत' हे नाव दिले आणि तो शब्द आपल्या हाडीमासी खिळला, हे खरे. परंतु दत्तक मुलगा कितीही लाडका असला, तरी जन्माच्या दाखल्यावर खाडाखोड करू नये. 'राजीनामा' आणि 'राजीखुशी' यांतला 'राजी'ही राजाचा कोणी नव्हे. तो संमतीचा अरबी शब्द आहे, आणि कचेरीत आपण घेतो ती 'रजा' त्याचीच बहीण आहे. उलट 'महिना' हा शब्द फारसीतून आला असला तरी फारसी 'माह' आणि आपला 'मास' हे खरे नातेवाईक आहेत. कानाला जवळचे वाटते ते परके निघते आणि परके वाटते ते घरचे. म्हणूनच कानावर विसंबून चालत नाही.

हा केवळ पंडितांचा खेळ नाही. शिवछत्रपतींनी राज्याभिषेकानंतर 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध करवून घेतला आणि कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ते काम करणाऱ्यांना कोणता शब्द घरचा आणि कोणता बाहेरचा, हे नेमके कळणे आवश्यक होते. ज्याला 'रियासत' आणि 'राज्य' एकाच कुळातले वाटतात, त्याच्या हातून भाषाशुद्धी कशी होणार?

तिसरे उदाहरण आयर्लंडचे. हे सर्वांत मनोरंजक आहे, कारण येथे खोटे नाते टाकून दिले की खरे नाते हाती लागते. आयर्लंडचे जुने आयरिश नाव 'एरिउ', आजचे 'एरे'. त्यामागचे पुनर्रचित रूप *ईवेरियू असे आहे. केल्टिक भाषांची एक खूण अशी की, मूळ भाषेतला 'प' त्यांनी बहुतेक ठिकाणी गमावला. लॅटिन 'पातेर', संस्कृत 'पितृ', पण जुन्या आयरिशमध्ये 'अथिर'. लॅटिन 'प्लेनुस', संस्कृत 'पूर्ण', पण आयरिशमध्ये 'लान'. हा गमावलेला 'प' *ईवेरियूच्या आरंभी परत ठेवला की काय दिसते? संस्कृत 'पीवरी'! पीवर म्हणजे पुष्ट, भरदार. ग्रीक भाषेत याच स्त्रीलिंगी रूपाचे भावंड 'पिएइरा' आहे. आयर्लंड म्हणजे आर्यांची नव्हे, तर 'पीवरी' भूमी, धष्टपुष्ट, सुपीक, हिरवी भूमी. ज्याने तो देश चित्रात तरी पाहिला आहे, त्याला हे नाव पटेल.

अशी चूक करणारे आपण पहिलेच नव्हे. रोमन लोकांनी या बेटाला 'हिबेर्निया' म्हटले, कारण मूळ नाव त्यांना आपल्या 'हिबेर्नुस' म्हणजे 'हिवाळी' या शब्दासारखे भासले. जगज्जेत्या रोमलाही कानाने फसवले. आपल्याकडे तर 'व्हॅटिकन म्हणजे वाटिका' असे सांगणारे संदेश आजही मोबाइलवरून फिरत असतात. वास्तविक 'व्हॅटिकानुस' हे रोममधल्या एका टेकडीचे, ख्रिस्ती धर्माच्याही आधीचे नाव आहे.

दोन आक्षेप

येथे काही वाचक म्हणतील, हे सारे शास्त्र पाश्चात्त्यांचे. त्यानेच आपल्यावर आर्य-अनार्य भेदाचे भूत लादले. या आक्षेपामागची वेदना खरी आहे. १७८६ मध्ये कोलकात्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे समान मूळ सुचवले, त्याच भाषणात केल्टिकचाही उल्लेख केला, आणि पुढील शतकात भाषेच्या नात्याला वंशाचे, रक्ताचे नाते ठरवण्याचा अनर्थ घडला. परंतु तो अनर्थ भाषाशास्त्राच्या नियमांनी केला नाही, नियम सोडणाऱ्यांनी केला. स्वतः मॅक्स म्यूलर यांनी १८८८ मध्ये भाषेवरून वंश ठरवणाऱ्यांना कडक शब्दांत फटकारले होते. राहिला मूळ भाषा कोठे बोलली जात होती, हा प्रश्न. बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञ काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशाचे नाव घेतात. आपल्यापैकी अनेकांना ते मान्य नाही. तो वाद पुरातत्त्व, जनुकशास्त्र आणि वैदिक वाङ्मय यांच्या पुराव्यांनिशी अवश्य व्हावा. मात्र तो कोणत्याही बाजूने सुटला, तरी 'रियासत' अरबीच राहील आणि 'रेक्स' राजाचा भाऊच राहील, मुलगा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. आपल्या परंपरेत 'प्रजेचे रंजन करतो तो राजा' अशी व्युत्पत्ती महाभारताने आणि कालिदासाने मान्य केली आहे. मग तीही चुकीची म्हणायची काय? याचे उत्तर असे की, ती शब्दाचा इतिहास सांगण्यासाठी रचलेली नाही, राजाचे कर्तव्य सांगण्यासाठी रचलेली आहे. यास्काचार्यांचे निरुक्तही मंत्रांचा अर्थ उलगडण्यासाठी आहे, शब्दांची वंशावळ मांडण्यासाठी नव्हे. रंजनाची व्युत्पत्ती धर्म म्हणून शिरोधार्य मानावी, इतिहास म्हणून मांडू नये. या दोन गोष्टींची गल्लत आपल्या पूर्वजांनी केली नाही, ती आपण करतो.

आता करायचे काय?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. गाथासप्तशतीपासून नाणेघाटच्या शिलालेखापर्यंत जो पुरावा त्यासाठी मांडला गेला, तो भावनेचा नव्हता, लेखी होता. गुंडम राऊळांच्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. ही सुवार्ताच आहे. पण मराठी शब्दाचे मूळ शोधायचे तर आजही आपण कृ. पां. कुलकर्णी यांच्या १९४६ च्या 'मराठी व्युत्पत्ति कोशा'कडे वळतो. रा. गो. भांडारकरांनी १८७७ मध्ये मुंबईत दिलेली भाषाशास्त्रावरील व्याख्याने, झ्यूल ब्लॉख या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ, शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा १९९९ चा जुन्या मराठीचा कोश, ही नावे आपल्या किती घरांत ठाऊक आहेत?

आयर्लंडकडे पाहा. २०२२ च्या जनगणनेनुसार शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारे ७२ हजार. एखाद्या मध्यम शहराएवढी संख्या. परंतु त्या देशाच्या रॉयल आयरिश अकादमीने १९१३ ते १९७६ अशी त्रेसष्ट वर्षे खपून प्राचीन आणि मध्ययुगीन आयरिशचा महाकोश पूर्ण केला. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सव्वाआठ कोटींहून अधिक होते. भाषा हातातून निसटत असताना त्यांनी पुराव्याची पेटी भरून ठेवली. आपली भाषा नांदती असताना आपण संदेश पुढे पाठवण्यात धन्यता मानतो.

मोठे प्रकल्प शासन आणि विद्यापीठे करतील. घरात आणि बैठकीत आपल्याला एवढे करता येईल : एखादा शब्द आपला आहे असे सांगण्यापूर्वी 'हाच बदल दुसऱ्या कोणत्या शब्दात झाला आहे?' असा एक प्रश्न विचारायचा. 'राऊळ'साठी 'देऊळ' मिळते. 'रेक्स'साठी 'मेन्सिस' मिळते. 'आर्यलंड'साठी काहीच मिळत नाही.

त्या तरुणाला मी मागच्या रविवारी घरी बोलावले आणि हे सारे सांगितले. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. मग त्याने विचारले, "काका, मग रेक्स आणि राजा यांचे मूळ तरी काय?" मी म्हटले, "विद्वानांच्या मते मूळ धातूचा अर्थ आहे सरळ रेषेत नेणे. लॅटिनमध्ये त्याचेच 'रेक्टुस', म्हणजे सरळ. संस्कृतात 'ऋजु', आणि आपल्या मराठीत 'उजू'. सरळ मार्गाने नेतो तो राजा." त्याने वही काढली, 'रियासत' आणि 'आर्यलंड' यांवर काट मारली आणि त्याखाली 'पीवरी' असे लिहिले. स्पर्धा अजून व्हायची आहे.